ज्यानं जगाला क्वर्टी कीबोर्ड दिला, तोच मरेपर्यंत तो बदलायला बघत होता

इंग्लिश कीबोर्डवरची अक्षरांची सगळ्यात वरची ओळ बघा. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. मोबाईल असो, लॅपटॉप असो, नाहीतर तहसील कार्यालयातला जुनाट कॉम्प्युटर असो, ओळ तीच. या पहिल्या सहा अक्षरांवरूनच या रचनेला क्वर्टी म्हणतात.

ही रचना ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचं नाव ख्रिस्तोफर लॅथम शोल्स. त्याला ती कधीच अंतिम वाटली नाही. मरायच्या आदल्या वर्षीसुद्धा तो तिच्या जागी दुसरी रचना आणायच्या खटपटीत होता.

तर हा शोल्स होता कोण?

छापखान्यातलं पोरगं

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. लहान वयातच तो छापखान्यात उमेदवारीला लागला. खिळे जुळवायचे, शाई लावायची, प्रुफं काढायची, हे त्याचं शिक्षण. १८३७ च्या सुमारास तो विस्कॉन्सिनला गेला. तेव्हा हा भाग नुकता वसत होता, राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. तिथं त्यानं साउथपोर्ट नावाच्या गावात वर्तमानपत्र चालवलं. याच गावाला पुढं केनोशा म्हणू लागले.

पत्रकारितेतून तो राजकारणात आला. विस्कॉन्सिनच्या दोन्ही सभागृहांत तो निवडून गेला. आणि इथंच त्याच्या आयुष्यातलं एक मोठं काम घडलं, ज्याचा टाइपरायटरशी काडीचाही संबंध नाही.

१८५१ साली केनोशात जॉन मॅककॅफरी नावाच्या माणसाला बायकोच्या खुनाबद्दल जाहीर फाशी दिली गेली. बघायला हजारोंची गर्दी लोटली. फास लागल्यावरही तो बराच वेळ जिवंत होता. शोल्सनं आपल्या पेपरातून फाशीच्या शिक्षेविरुद्ध मोहीम उघडली आणि विधानसभेतही तो विषय लावून धरला. १८५३ मध्ये विस्कॉन्सिननं फाशीची शिक्षा रद्द केली. ती तिथं आजतागायत परत आलेली नाही.

पानांना नंबर टाकणारं यंत्र

पुढं शोल्स मिलवॉकी शहरात आला. पेपर, पोस्टमास्तरकी, बंदरावर जकात गोळा करायची सरकारी नोकरी अशी कामं त्यानं केली. पण डोकं कायम यंत्रात.

सॅम्युअल सूल या दुसऱ्या मुद्रकासोबत त्यानं तिकिटांवर आणि पुस्तकांच्या पानांवर आपोआप क्रमांक छापणारं यंत्र बनवलं. १८६६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. मिलवॉकीतल्या क्लाइनस्टॉयबर यांच्या वर्कशॉपमध्ये हे काम चालायचं. तिथंच कार्लोस ग्लिडन नावाचा एक वकील आपल्या शोधाची खटपट करत असायचा. त्यानं हे यंत्र पाहिलं आणि एक साधा प्रश्न काढला. जे यंत्र आकडे छापतं, ते अक्षरं का छापणार नाही?

१८६७ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात जॉन प्रॅट या माणसाच्या लिहिणाऱ्या यंत्राची माहिती आली. ती वाचून शोल्सला वाटलं, हे आपण यापेक्षा सोपं करू शकतो.

पहिला नमुना अगदी गमतीचा होता. तारयंत्राची एक कळ घेतली आणि ती दाबली की एकच अक्षर उमटेल अशी सोय केली. ते अक्षर होतं डब्ल्यू. एक अक्षर उमटलं म्हणजे सव्वीसही उमटतील, एवढं त्यातून सिद्ध झालं. २३ जून १८६८ ला शोल्स, ग्लिडन आणि सूल या तिघांच्या नावानं पेटंट निघालं. तेव्हाचा कीबोर्ड पियानोसारखा दिसायचा.

पैसा आला आणि डोकेदुखीही

यंत्रावर छापलेली पत्रं शोल्सनं ओळखीपाळखीत धाडली. त्यातलं एक गेलं जेम्स डेन्समोरकडं. हा जुन्या ओळखीचा, तापट आणि प्रचंड हट्टी माणूस. त्यानं यंत्र न बघताच ६०० डॉलर देऊन पाव हिस्सा घेतला. नंतर प्रत्यक्ष यंत्र बघितलं तेव्हा त्याला ते अजिबात कामाचं वाटलं नाही. तरी त्यानं पिच्छा सोडला नाही. सूल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले, शोल्स आणि डेन्समोर उरले.

डेन्समोरनं एक शहाणपणा केला. नमुने थेट रोज लिहिणाऱ्या लोकांच्या हातात दिले. वॉशिंग्टनचा जेम्स क्लेफेन हा लघुलेखक त्यातला सगळ्यात खतरनाक. तो यंत्र मोडेपर्यंत वापरायचा आणि मग दोषांची यादी धाडायचा. शोल्स वैतागायचा. डेन्समोरचं म्हणणं असायचं की दोष आत्ताच कळलेले बरे, कारखान्यात गेल्यावर कळले तर महागात पडतील. अशा रीतीनं पाच-सहा वर्षांत डझनावारी नमुने बनले आणि मोडीत निघाले.

मग अक्षरं अशी विस्कटली कशी?

सुरुवातीची रचना एबीसीडी अशीच होती. तिची खूण आजही दिसते. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही अक्षरं बघा. मधले स्वर गाळले की वर्णमालाच आहे.

आता यंत्र चालायचं कसं ते समजून घेऊ. प्रत्येक अक्षर एका धातूच्या दांड्याच्या टोकाला असायचं. हे दांडे कागदाखाली गोलाकार टांगलेले असत. कळ दाबली की दांडा खालून वर उसळून कागदावर आपटायचा आणि परत खाली पडायचा. पहिला दांडा खाली येण्याआधी शेजारचा वर आला तर दोघं एकमेकांत अडकायचे. त्यात ठसा कागदाच्या खालच्या बाजूला उमटायचा, त्यामुळं घोळ झालाय हे टाइप करणाऱ्याला लगेच दिसायचंही नाही.

म्हणून जोडीनं येणारी अक्षरं लांब ठेवली, हे सगळीकडं सांगितलं जाणारं कारण. टाइप करणाऱ्यांचा वेग मुद्दाम कमी करायला ही रचना केली असंही सांगतात, पण त्यात दम नाही. दांडे अडकले नाहीत तर वेग वाढणारच की. शिवाय ई आणि आर ही इंग्लिशमध्ये सतत जोडीनं येणारी अक्षरं क्वर्टीत शेजारी शेजारीच आहेत. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर वेगळंच मत मांडलंय. सुरुवातीला ही यंत्रं तारमास्तरांनी वापरली, आणि मोर्स संदेश ऐकता ऐकता लिहिणाऱ्यांच्या सोयीनुसार अक्षरं सरकत गेली, असं ते म्हणतात.

एवढं नक्की की ही रचना एका रात्रीत कुणाला सुचलेली नाही. एकेक अक्षर हलवत, वापरून बघत ती तयार झाली.

बंदुका बनवणाऱ्यांच्या कारखान्यात

१ मार्च १८७३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका बनवायची. यादवी युद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी घटली, म्हणून ती शिलाई मशीनकडंही वळली होती. त्यामुळं १८७४ मध्ये बाजारात आलेला पहिला टाइपरायटर शिलाई मशीनसारखाच दिसायचा. अंगावर फुलांची नक्षी, खाली स्टँड आणि ओळ बदलायला पायपट्टी. किंमत १२५ डॉलर आणि अक्षरं फक्त कॅपिटल. लेखक मार्क ट्वेननं त्याच वर्षी एक घेतला. पण सर्वसाधारण लोकांनी पाठ फिरवली.

१८७८ मध्ये रेमिंग्टननं दुसरं मॉडेल काढलं. त्यात शिफ्टची कळ आली, लहान-मोठी दोन्ही अक्षरं आली आणि मग धंदा उचलला.

पण शोल्सचं काय? त्यानं आपले हक्क साधारण १२,००० डॉलरना एकरकमी विकून टाकले होते. डेन्समोरनं मात्र प्रत्येक यंत्रामागं रॉयल्टी मागितली. त्याला त्यातून पंधरा लाख डॉलरच्या आसपास मिळाले असं सांगितलं जातं. शोल्सची तब्येत क्षयानं पोखरलेली आणि घरात दहा लेकरं. त्यानं हातातला पैसा घेतला.

१८९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या टाइपरायटर कंपन्या एकत्र आल्या आणि क्वर्टीच चालवायची असं ठरलं. टायपिंगचे क्लास तीच रचना शिकवायचे, म्हणून ऑफिसं तीच यंत्रं घ्यायची. ऑफिसात तीच यंत्रं, म्हणून क्लास तेच शिकवायचे. यातून बाहेर पडणं कुणालाच परवडत नव्हतं.

त्या काळी ऑफिसातली लिखापढी म्हणजे पुरुषांची मक्तेदारी. टाइपरायटरनं तिथं बायकांसाठी दार उघडलं. आपल्या यंत्रानं बायकांना कमाईचा मार्ग दिला याचं शोल्सला उतारवयात समाधान होतं.

आपल्याकडंही हीच गोष्ट घडली. १९५५ साली मुंबईत गोदरेजनं भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरापोरींनी एएसडीएफ बडवत सरकारी नोकरीची तयारी केली. मराठी टायपिंगमध्ये आजही एक रचना रेमिंग्टन या नावानंच चालते.

शेवटची रचना

हक्क विकले तरी शोल्स थांबला नाही. अंथरुणाला खिळल्यावरही नवे नमुने करत राहिला. १८८९ मध्ये त्यानं आणखी एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात वरची ओळ क्वर्टी नव्हती. ती एक्स, पी, एम, सी, एच अशी सुरू होत होती.

१७ फेब्रुवारी १८९० ला मिलवॉकीत क्षयानं त्याचा मृत्यू झाला. ते पेटंट मंजूर झालं १८९६ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर सहा वर्षांनी. तोवर क्वर्टी पक्की बसली होती. ती नवी रचना चलनात आलीच नाही.

आज हेच काम किती वेळात होतं?

शोल्सला एक अक्षर हलवायचं तर कळ, तार, दांडा आणि ठसा सगळं नव्यानं जुळवावं लागायचं. आजच्या कीबोर्डमध्ये दांडे नाहीत. आत कळांच्या आडव्या-उभ्या ओळींची तारांची जाळी असते आणि एक छोटी मायक्रोकंट्रोलर चिप सेकंदाला शेकडो वेळा ती तपासत असते. कोणत्या ओळीतली कितवी कळ दाबली गेली ते तिला कळतं. त्या जागेला कुठलं अक्षर द्यायचं हे चिपमधला प्रोग्राम ठरवतो. याच प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात.

स्वतःचा कीबोर्ड बनवणारे हौशी लोक हा प्रोग्राम स्वतःच लिहितात. क्यूएमके नावाचं फर्मवेअर फुकट आणि खुलं आहे. त्यात एका फाईलमध्ये कळांचा तक्ता असतो. अक्षरांची अदलाबदल करायची, फाईल कम्पाईल करायची आणि चिपवर चढवायची. या चढवण्यालाच फ्लॅश करणं म्हणतात. आरपी२०४० ही चिप असेल तर बोर्डवरचं बूट बटण दाबून धरून यूएसबी केबल जोडायची. बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसायला लागतो. त्यावर तयार झालेली फाईल टाकली की बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो आणि नवी रचना सुरू.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. नव्या तक्त्यात फ्लॅशिंग मोडमध्ये जायची कळ ठेवायला विसरलात तर पुढच्या वेळी कीबोर्ड उघडून बोर्डवरचं बटण शोधावं लागतं.

शोल्सची एक्स, पी, एम, सी, एचवाली रचना त्या तक्त्यात भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत. बोटांना तिची सवय लावायला मात्र काही आठवडे काढावे लागतील. क्वर्टी दीडशे वर्षं टिकली ती याच सवयीच्या जोरावर.