डोंगरावर गेलेला दुकानदार

आमच्या हिंगोली जिल्ह्यात संत म्हटले की आधी आठवतात ते नामदेव. कयाधूकाठचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. याच नामदेवांनी स्वप्नात येऊन आपल्याला कवित्वाला लावले, असे देहूच्या तुकोबांनी लिहून ठेवले आहे. आज सांगायचे आहे ते या तुकोबांविषयी. उभी नोकरी बँकेत गेल्यामुळे असेल, पण मला संत तुकारामांइतकेच दुकानदार तुकारामही जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म बहुधा १६०८ चा धरतात. घरी महाजनकी, शेती, दुकान, सावकारी. परंपरा सांगते की तेराव्या वर्षी ते दुकानात बसले आणि सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू सावजी पत्नीच्या निधनानंतर तीर्थयात्रेला निघून गेले. त्यात १६३० चा भीषण दुष्काळ आला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा संतूही. वसुलीला जावे तर कर्जदार आपल्याहून उपाशी! दुष्काळी सालात थकबाकीची यादी घेऊन मराठवाड्याच्या खेड्यांतून हिंडलेल्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अशा वेळी तुकोबांनी डोंगर गाठला. आधी भामनाथ, म्हणजे चाकणच्या बाजूचा भामचंद्र. पुढे देहूजवळचा भंडारा. माणसे कमी, झाडे आणि पाखरे जास्त. झाडावेलींना आणि पाखरांना त्यांनी नातलग मानले. तिथे हिशेब मागणारे कोणी नव्हते. बोलायचे ते स्वतःच्याच मनाशी.

आपण सहसा इथेच थांबतो. मला मात्र महत्त्वाचे वाटते ते पुढचे. धाकटे बंधू कान्होबा शोधत भामनाथावर आले आणि तुकोबा त्यांच्याबरोबर खाली उतरले. कर्जखतांच्या वाटण्या झाल्या. कान्होबांचा अर्धा हिस्सा त्यांना दिला आणि स्वतःच्या हिश्शाची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. किती कुटुंबांच्या मानेवरचे जू त्या दिवशी उतरले असेल! डोंगराने त्यांना नुसता विसावा दिला नाही. मनाला काच कशाचा होतो आहे, ते दाखवले. आणि खाली येऊन त्यांनी तो काच सोडवला.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. तुकोबा भंडाऱ्यावर असताना त्यांची दुसरी पत्नी जिजाई भाकरी बांधून डोंगर चढत असे, अशी कथा आहे. आपल्याकडे तिला कजाग ठरवून मोकळे होतात. पण घरात दाणा नाही, पोरे भुकेली, आणि तरीही नवऱ्याला शोधत ती काट्यांतून चालते. तिच्या विसाव्याचा डोंगर कोणता होता?

आज ताण आला की डॉक्टरही मोकळ्या हवेत जा म्हणतात, आणि ते खरेच आहे. औंढा नागनाथच्या डोंगरात पावसाळ्यानंतर दोन तास बसलात तरी डोके हलके होते. पण मोबाइल खिशात वाजत राहिला तर दुकान पाठीवर घेऊनच डोंगर चढल्यासारखे. तो घरी ठेवावा. घरच्या जिजाईला मात्र घरी ठेवू नये. डबा तिने करायचा आणि गार वारा आपण खायचा, हा कसला विसावा?

आणि परतताना स्वतःला एवढेच विचारावे : खाली गेल्यावर इंद्रायणीत सोडण्याजोगे एखादे कागद आपल्याही कपाटात आहे का? एखादी जुनी अढी, भावाशी चाललेला बांधाचा वाद, झेपत नसलेली एखादी हौस? तेवढे सोडता आले, तर पुढच्या रविवारी डोंगर चढताना पाय आपोआप हलके पडतील.