शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठलं? महालनोबिसांनी दाखवलेली वाट

एक शीत दाबून हंडीभर भाताचा अंदाज घरोघरी घेतात. पण लाखो एकरांतलं पीक अजमावायचं तर शितं कुठली उचलायची, किती उचलायची आणि चूक किती धरायची? या प्रश्नांमागे आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.

जन्म १८९३ चा, कोलकात्यातला. केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकले. तिथेच ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाची ओळख झाली आणि आकड्यांचा नाद लागला तो कायमचा. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवता शिकवता १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली.

१९२६ साली ओडिशात ब्राह्मणी नदीला महापूर आला. पात्र गाळाने वर आलंय, बांध उंच करा, असं इंजिनिअर मंडळींचं मत. महालनोबिसांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आलेलंच नव्हतं. वरच्या खोऱ्यात पाऊस जादा झाला होता. म्हणजे बांधावरचा खर्च पाण्यातच गेला असता.

१९३७ पासून त्यांनी बंगालात तागाची नमुना पाहणी सुरू केली. आधी छोटी चाचणी, मग मोठं काम. शेतं मर्जीने नव्हे, चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. एकाच भागात दोन पथकं स्वतंत्र पाठवायची. दोघांच्या आकड्यांत जेवढी तफावत, तेवढा अंदाज कच्चा.

त्यांनाही टोकणारे होतेच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांचा आक्षेप होता, की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपं आत मोजली जातात आणि उतारा फुगतो. पुढे सरकारी पीक कापणी प्रयोगांत मोठा तुकडाच रूढ झाला.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तीही महालनोबिसांच्याच पुढाकाराने. २८ जून १९७२ रोजी, ७९ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, ते गेले.

आज पीक विम्याची भरपाई अशाच मोजक्या तुकड्यांच्या कापणीवर ठरते, महाराष्ट्रात काय नि कर्नाटकात काय. तुकडा सोयीने निवडला, तर अख्ख्या मंडळाचा हिशेब चुकतो आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो. म्हणून कापणीच्या दिवशी बांधावर हजर राहिलेलं बरं.