देवकीनंदन खत्री

देवकीनंदन खत्री (जन्म: १८६१ - मृत्यू: १ ऑगस्ट १९१३) हे आरंभीच्या काळातील हिंदी कादंबरीकार होते. राजघराण्यांतील कारस्थाने, वेषांतर करणारे हेर आणि गूढ तिलिस्म यांवर आधारलेल्या 'चंद्रकांता' या अद्भुतरम्य कादंबरीमुळे ते प्रसिद्धीस आले.

जीवन

खत्री यांचा जन्म बिहारमधील मुझफ्फरपूर भागात, पूसा येथे झाला. वडिलांचे नाव लाला ईश्वरदास. घराणे मूळचे पंजाबातील. तेथील राजकीय अस्थिरतेच्या काळात ते काशीस येऊन स्थायिक झाले. देवकीनंदन यांचे आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले. हिंदी व संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे काशीत केला. तरुणपणी गया जिल्ह्यातील टेकारी संस्थानाशी त्यांचा व्यापारानिमित्त संबंध होता.

पुढे काशीनरेशांकडून त्यांना चकिया व नौगढ येथील जंगलांचा मक्ता मिळाला. या कामासाठी ते रानोमाळ हिंडले. ओस पडलेले किल्ले, ढासळलेले वाडे, डोंगरांतील गुहा आणि नाले त्यांनी जवळून पाहिले. काही काळाने मक्ता हातचा गेला आणि उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली आणि पाहिलेल्या या भूमीवरच आपली काल्पनिक राज्ये वसविली. नौगढ आणि चुनारगड ही कादंबरीतील स्थळनामे खरी आहेत, ती याच कारणाने.

चंद्रकांता

१८८८ पासून 'चंद्रकांता'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. विजयगडची राजकन्या चंद्रकांता आणि नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह यांचे परस्परांवर प्रेम आहे. मात्र विजयगडच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याला राजकन्याही हवी आहे आणि गादीही. तो राजाचे कान भरून दोन्ही घराण्यांत वितुष्ट आणतो व शेवटी चुनारगडचा राजा शिवदत्त याच्या आश्रयास जातो. बाहेरच्या शत्रूला वाट दाखविणारा घरातलाच असतो, हे सूत्र मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये.

या संघर्षात सैन्यापेक्षा ऐयारांचे महत्त्व अधिक आहे. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असणारा, हरहुन्नरी हेर. वेष पालटणे, बेशुद्धीची पूड हुंगविणे, लखलखा हुंगवून पुन्हा शुद्धीवर आणणे, शत्रूची गाठोडी बांधून पळविणे ही त्याची कामे. ऐयाराला कैद करावे, पण ठार मारू नये असा संकेतही या जगात पाळला जातो. वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला ही पात्रे नायक-नायिकेपेक्षाही अधिक लक्षात राहतात.

ऐयार आणि तिलिस्म या कल्पना खत्रींनी फारसी-उर्दू दास्तानांतून घेतल्या. तथापि दास्तानांतील जिन्न व जादूगार त्यांनी बहुतांशी वगळले. त्यांच्या तिलिस्मातील चमत्कारांमागे कळसूत्रे, औषधी आणि कारागिरी असते व बहुतेक कोड्यांचा उलगडा अखेरीस केला जातो. त्यांचे खरे वेगळेपण येथे आहे.

या कथेचा पुढील भाग 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत प्रसिद्ध झाला. त्यातीलच एका ऐयारावर त्यांनी 'भूतनाथ' ही कादंबरी लिहावयास घेतली. परंतु मृत्यूमुळे ती अपुरी राहिली व त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. 'नरेंद्र मोहिनी', 'कुसुमकुमारी', 'काजर की कोठरी' या त्यांच्या अन्य कादंबऱ्या होत. काशीत त्यांनी लहरी प्रेस हा छापखाना काढला व १९०० मध्ये माधवप्रसाद मिश्र यांच्या संपादकत्वाखाली 'सुदर्शन' हे मासिक सुरू केले.

प्रभाव

उर्दूचे वर्चस्व असलेल्या त्या काळात केवळ 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून अनेकांनी देवनागरी लिपी व हिंदी शिकून घेतली. समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी वाचक निर्माण करण्याचे श्रेय खत्रींना दिले. मात्र घटनाप्रधान असल्यामुळे या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसविण्यास ते तयार नव्हते. हा निकाल कठोर वाटतो. मराठीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीच्या वाट्यालाही पुढे अशीच उपेक्षा आली. योगायोग असा की, ती प्रसिद्ध झाली ते वर्ष खत्रींच्या जन्माचे.

१९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांनी 'चंद्रकांता'वर दूरदर्शन मालिका काढली. महाराष्ट्रातही ती आवडीने पाहिली गेली आणि अखिलेंद्र मिश्र यांनी साकारलेला क्रूरसिंह घरोघरी पोहोचला. मालिकेचे कथानक मात्र मूळ कादंबरीपासून पुष्कळ दूर गेलेले आहे.