चार हात, चोवीस मूर्ती

संध्या करणाऱ्याला विष्णूची २४ नावं पाठ असतात. केशवापासून सुरू होणारी ही माळ कृष्णापाशी संपते. पण नावं २४च का, २३ किंवा २५ का नाहीत, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मूर्तिशास्त्राचे जाणकार सांगतात, की यातल्या प्रत्येक नावाची मूर्ती वेगळी आहे आणि ती ओळखायची खूण म्हणजे आयुधांचा क्रम. शंख, चक्र, गदा, पद्म तीच. कोणतं कोणत्या हातात, एवढाच फरक. दोन हातांतल्या वस्तूंची अदलाबदल झाली की केशवाचा केशव राहत नाही, दुसरा देव होतो.

चार हातांत चार वस्तू किती तऱ्हांनी देता येतील, हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर ठेवून त्याचं उत्तर काढायची रीत ज्यांनी शिकवली, ते भास्कराचार्य सह्याद्रीच्या आसऱ्याने वसलेल्या गावचे. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हे त्यांचं जन्मवर्ष. ते त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. शांडिल्य गोत्र, वडील महेश्वर. गणित आणि ज्योतिष ते वडिलांपाशीच शिकले. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. मग बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यानंतर ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. निवृत्तीनंतर फिरायला जाणं हेच मोठं काम समजणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा जरा टोचतो.

‘लीलावती’च्या शेवटी एक छोटंसं प्रकरण आहे, अंकपाश. पाश म्हणजे जाळं. कॉलेजात ज्याला पर्म्युटेशन म्हणतात तोच हा विषय. तो काही भास्कराचार्यांनी जन्माला घातला नाही. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघुगुरूंची मोजणी आहे, आणि महावीराचार्यांनी भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षं आधी सहा रसांतून किती मिश्रणं होतील याची रीत दिली आहे. पण भास्कराचार्यांचं शिकवणं निराळं. ते पायरी पायरीने नेतात आणि नेता नेता विद्यार्थ्याचा फाजील विश्वास काढून घेतात.

सुरुवात साधी. २ आणि ८ हे दोन अंक घ्या. २८ आणि ८२, दोनच संख्या. बेरीज ११०. मग ३, ८ आणि ९. आता सहा संख्या, बेरीज ४४४०. इथवर बोटांवर जमतं. मग ते एकदम २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक समोर ठेवतात. संख्या होतात ४०,३२०. मिनिटाला एक याप्रमाणे लिहीत बसलं, तर जेवणझोप सोडून २८ दिवस लागतील. आणि आचार्य त्या सगळ्यांची बेरीजही मागतात! ती आहे २४,६३,९९,९९,७५,३६०.

लिहीत बसायचं नाही, हीच तर शिकवण. पहिल्या जागी आठांपैकी कोणताही अंक बसू शकतो. तो बसला की दुसऱ्या जागेसाठी सात उरतात, तिसऱ्यासाठी सहा. आठ गुणिले सात गुणिले सहा, असं एकापर्यंत. आचार्य हाच गुणाकार एकापासून वर चढत सांगतात. बेरजेचं मर्म त्याहून सुरेख आहे. एकंच्या घरात प्रत्येक अंक सारख्याच वेळा येतो, दहंच्या घरातही तितक्याच वेळा. मग एका घराची बेरीज काढली की सगळ्या घरांची झाली. फक्त ती योग्य जागा सोडून मांडायची.

मग देव येतात. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. हातांतली ही आयुधं बदलत गेलो तर मूर्ती किती? ३६,२८,८००. रोज एक मूर्ती घडवणारा शिल्पकार मिळाला, तरी त्याला जवळजवळ दहा हजार वर्षं पुरेल एवढं काम. आणि चार हातांच्या हरीच्या मूर्ती २४. संध्येतली नावं आणि हा गुणाकार एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून मला त्यांचं ते पहिलं, दोन अंकांचं उदाहरणच अधिक जवळचं वाटतं. लेजरची बेरीज जुळत नसली की जुने हेडक्लार्क आधी तफावतीला नऊने भागून बघत. भाग गेला, की कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असल्याचा संशय घ्यायचा. २८ च्या जागी ८२ पडले तर फरक ५४, म्हणजे नऊ सक. शेजारचे कोणतेही दोन अंक उलटे पडोत, फरक नऊच्या पाढ्यातच येतो. अंक तेच, शाई तीच, क्रम तेवढा बदलला. आणि कुणाच्या तरी खात्यातले ५४ रुपये इकडचे तिकडे झाले. केशवाचा दुसरा देव होतो तो असा.

सारखेच अंक पुन्हा आले तर? त्यासाठीही रीत आहे. २, २, १, १ या चार अंकांच्या २४ नव्हे, सहाच संख्या होतात. कारण दोन दुव्यांची आपसातली अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही. ती वजा करायची तर भागाकार करावा लागतो. शेवटी ते विचारतात, की शून्य न घेता, अंकांची बेरीज १३ होईल अशा पाच अंकी संख्या किती? उत्तर आहे ४९५. आणि मग, इथे वर्ग नाही, घन नाही, तरी गणिताचा ताठा मिरवणाऱ्यांची मान इथे खाली जाते, अशा अर्थाचा चिमटा काढून ते विषय संपवतात.

हे सगळं बाजूला राहतं आणि लोकांच्या लक्षात राहते ती मोत्याची गोष्ट. लीलावती ही आचार्यांची मुलगी. लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र पाण्यात सोडलेलं. ती वाकून बघते, दागिन्यातला मोती त्यात पडतो, भोक बुजतं आणि मुहूर्त टळतो. दुःखी बाप मग तिच्या नावाने ग्रंथ लिहितो. मी कादंबरीकार आहे. गोष्ट चांगली आहे हे मला कळतं. पण ती आचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते, म्हणजे ग्रंथानंतर ४३७ वर्षांनी. मूळ ग्रंथात प्रश्न विचारताना आचार्य कधी मुलीला हाक मारतात, कधी मित्राला, तर कधी वाण्याला. दैवाने हरवलेला विद्वान आपल्याला जवळचा वाटतो. विद्यार्थ्याला हसत हसत हरवणारा शिक्षक मात्र आपण विसरतो. माझी तक्रार आहे ती एवढीच.

त्यांची खरी गोष्ट दगडावर कोरलेली आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या भवानीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. त्यात या घराण्याच्या पिढ्या दिल्या आहेत. त्रिविक्रमापासून सुरुवात, मग भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवलेले भास्करभट्ट, पुढे महेश्वर आणि आपले आचार्य. आचार्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर यांना यादवराजा जैत्रपालाने याच गावातून बोलावून नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या मांडलिकांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. साल १२०७.

संस्कृतात चाललेला हा लेख शेवटी मराठीत उतरतो. पैशाची गोष्ट लोकांना कळेल अशा भाषेत हवी ना! बाजारात येणाऱ्या मालातून मठाचा वाटा किती, तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल द्यायचं, अशा त्या ओळी आहेत. बँकवाल्याच्या नजरेला ही सरळ सरळ ठेव दिसते. गणित टिकायचं तर नुसती बुद्धी पुरत नाही, रात्री दिव्यात तेलही लागतं, हे त्या नातवाला कळलं होतं.

याच सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. ‘संगीतरत्नाकर’चा हा कर्ता पेशाने राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. सात स्वरांचे ५०४० क्रम होतात हे सांगून तो थांबला नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तान कितवी, हे सगळ्या ताना न लिहिता ओळखण्याचं कोष्टक त्याने दिलं. हे तो भास्कराचार्यांकडूनच शिकला असं म्हणता येणार नाही. छंदशास्त्रातली ती वाट जुनी होती. पण एकाच राजाच्या पदरी आचार्यांचा नातू ग्रह मोजत होता आणि एक हिशेबनीस ताना मोजत होता, हे खरं.

मठ आता नाही. घाण्यांचं तेलही केव्हाच थांबलं. पण १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. १८१६ साली मुंबईत जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. १९७१ साली ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ मराठीत आलं. म्हणजे मठाचं काम मठ गेल्यावरही कुणी ना कुणी चालवत राहिलं. घरात गणिताला घाबरणारं मूल असेल, तर त्याला मोत्याची गोष्ट सांगू नका. दोन अंक द्या, २ आणि ८. मग तिसरा द्या. चौथ्यापर्यंत ते स्वतःच विचारू लागेल, की सगळे न लिहिता हे कळणार कसं? भास्कराचार्यांना हाच प्रश्न हवा होता.