सुऱ्या कापत नाहीत म्हणून लोक हसले, तरी गड्याने स्टेनलेस स्टील बाजारात आणूनच दाखवलं

सध्या रील्सवर दाढीचा जुना वस्तरा पुन्हा फॉर्मात आलाय. ब्रशने फेस करायचा, चामड्याच्या पट्ट्यावर पातं सटासट फिरवायचं आणि गालावरून एका दमात उतरवायचं. अशा दोन-चार रील्स बघितल्या की आपलाही हात ऑनलाइन शॉपिंगच्या ॲपकडे जातो. तिथे काही शे रुपयांत चकाचक घडीचे वस्तरे दिसतात आणि पात्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, स्टेनलेस स्टील. खाली रिव्ह्यू वाचायला गेलं की एकच रडगाणं असतं. दिसायला लय भारी, पण कापत नाही.

आता ही तक्रार शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे म्हटलं तर विश्वास बसणार नाही. पण आहे. आणि ती ज्याला पहिल्यांदा ऐकून घ्यावी लागली त्या माणसाचं नाव होतं हॅरी ब्रिअर्ली.

तर हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. सुऱ्या, कात्र्या आणि दाढीचे वस्तरे इथून जगभर जायचे. हॅरीचा बाप जॉन हा थॉमस फर्थ अँड सन्स या कंपनीत भट्टीवर पोलाद वितळवायचा. घरात पोरांची रांग, पैशाची कायम ओढाताण. बारा वर्षांचा असताना शाळा सुटली आणि पोरगं बापाच्याच कारखान्यात कामाला लागलं.

तिथून त्याची वर्णी लागली कंपनीच्या प्रयोगशाळेत. काम काय, तर बाटल्या धुणं. पण तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ जेम्स टेलर यांनी या पोरातली चुणूक हेरली आणि त्याला गणित, विज्ञान शिकायला मागे लागले. दिवसा बाटल्या धुवायच्या, रात्री अभ्यास करायचा, अशी वर्षं गेली. कॉलेजची डिग्री नसलेला हा माणूस पोलादाची परीक्षा करण्यात इतका तरबेज झाला की १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन बड्या कंपन्यांनी मिळून संशोधनाची प्रयोगशाळा काढली, तेव्हा तिचा प्रमुख म्हणून हॅरीला बसवलं. ज्याने बाटल्या धुतल्या तो आता साहेब होता. अर्थात साहेबांशी वाद घालायची खोड काही गेली नव्हती, आणि तीच पुढे महागात पडली.

१९१२ मध्ये त्याच्याकडे एक काम आलं. त्याचा सुऱ्यांशी काही संबंध नव्हता. बंदुकीच्या नळ्या आतून झिजायच्या. गोळी सुटताना होणारी प्रचंड उष्णता आणि वायू यांनी नळीचं आतलं पोलाद खरवडून निघायचं. हॅरीने विचार केला की क्रोमियमने पोलादाचा वितळणबिंदू वाढतो, तर क्रोमियम जास्त घालून बघू. वेगवेगळी मिश्रणं करून झाली आणि १३ ऑगस्ट १९१३ ला इलेक्ट्रिक भट्टीतून एक ओतकाम निघालं. त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता.

नळ्यांच्या कामी त्याचा फार काही फायदा झाला नाही. मग झालं काय?

पोलादाची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर आधी त्याचा तुकडा घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर आम्ल लावतात. आम्ल पृष्ठभाग थोडा खातं आणि आतले कण दिसायला लागतात. या पोलादाला आम्लाने काही फरकच पडेना. हॅरीने व्हिनेगर लावलं, लिंबाचा रस लावला. तुकडा जसाच्या तसा. इंटरनेटवर फिरणारी गोष्ट अशी आहे की भंगारात टाकलेला एक तुकडा पावसात न गंजता चमकत होता आणि हॅरीची नजर गेली. ऐकायला छान आहे, पण खरा शोध लागला तो असा, प्रयोगशाळेच्या टेबलावर.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकू. न गंजणाऱ्या पोलादाचा शोध एकट्या हॅरीने लावला असं म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये लिऑन गिये यांनी अशा मिश्रणांवर आधीच काम केलं होतं, जर्मनीत क्रुप कंपनीने १९१२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, अमेरिकेत एलवूड हेन्स त्याच वाटेवर होते. हॅरीचं वेगळेपण हे की त्याला हे पोलाद जेवणाच्या टेबलावर दिसलं.

त्या काळच्या सुऱ्या साध्या कार्बन पोलादाच्या असायच्या. लिंबू, व्हिनेगर लागलं की काळ्या पडायच्या, ओल्या राहिल्या की गंजायच्या. जेवण झालं की त्या पावडरने घासत बसायचं, हे घरातल्या नोकरमाणसांचं रोजचं काम होतं. शेफील्डमध्येच वाढलेल्या हॅरीला हे माहीत असणारच. त्याने कंपनीला कळवलं की यापासून सुऱ्या बनवा. कंपनीला त्यात रस वाटला नाही.

मग त्याने शेफील्डमधल्या दोन नामांकित सुरी बनवणाऱ्यांकडे नमुने पाठवले. त्यांचा निकाल अगदीच वाईट आला. हे पोलाद ठोकता येत नाही, घासता येत नाही, हत्यारं खराब होतात आणि एवढं करून धार लागत नाही, सुरीच्या कामाचं नाही. गावात त्याची चेष्टा सुरू झाली, की हा बघा, न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा.

आता कारागीर खोटं बोलत होते का? नाही. इथेच सगळी मेख आहे, आणि तुमच्या ऑनलाइन वस्तऱ्याचीही.

धार टिकायची तर पोलाद कडक लागतं. त्यासाठी पातं लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करतात. आपल्याकडे लोहार याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. हा कडकपणा येतो कार्बनमुळे. साध्या पोलादाला सुमारे ८०० अंश सेल्सिअसची उष्णता पुरते. पण स्टेनलेसमध्ये क्रोमियम हा कार्बन स्वतःशी बांधून ठेवतो, तो सुटायला १,००० अंशांच्या आसपास किंवा पुढे जावं लागतं. जुन्या सवयीने कमी तापवलं तर पातं मऊ राहतं. त्यात दुसरी अडचण अशी की ठोकून झाल्यावर हे पोलाद नुसत्या हवेत थंड होतानाच कडक होतं, त्यामुळे कानस त्यावर चालत नाही. म्हणजे नको तेव्हा कडक आणि हवं तेव्हा मऊ. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी रंग बघून पाणी देणाऱ्या कारागिराने हैराण व्हायचं नाही तर काय!

तिढा सुटला १९१४ मध्ये. आर. एफ. मोझली या कंपनीत अर्नेस्ट स्टुअर्ट म्हणून सुऱ्यांच्या कामाचे व्यवस्थापक होते. त्यांनाही सुरुवातीला जमलं नाही. मग हॅरी स्वतः तिथे जाऊन उभा राहिला, किती तापवायचं ते सांगितलं आणि सुऱ्या कापू लागल्या. हॅरी या पोलादाला गंज न लागणारं म्हणायचा. स्टुअर्टनी व्हिनेगरमध्ये घालून बघितलं, डाग पडेना, म्हणून त्यांनी नाव सुचवलं स्टेनलेस. नाव टिकलं.

पण तोवर फर्थ कंपनीला जाग आली होती. कंपनीचं म्हणणं, शोध आमच्या प्रयोगशाळेत लागला म्हणजे आमचा. हॅरीचं म्हणणं, सुऱ्यांची कल्पना माझी, तुम्ही तर नको म्हणाला होतात, त्यामुळे निम्मा वाटा माझा. वाद विकोपाला गेला आणि ज्या कारखान्यात बाप राबला, जिथे स्वतः बाटल्या धुतल्या, तो त्याने १९१५ मध्ये सोडला आणि ब्राऊन बेलीज या दुसऱ्या कंपनीत गेला. १९१६ मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. शेवटी फर्थलाही त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं आणि १९१७ मध्ये फर्थ-ब्रिअर्ली नावाचं सिंडिकेट निघालं. माझ्या मते या सगळ्या भांडणात हॅरीची बाजू जास्त पटते. कंपनीने पगार दिला हे खरं, पण ज्या वापराला तिने नकार दिला त्याचे पैसे मात्र तिला पूर्ण हवे होते.

पहिल्या महायुद्धात हे पोलाद सुऱ्यांऐवजी विमानांच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हकडे वळलं. युद्ध संपल्यावर मात्र स्टेनलेसच्या सुऱ्या घराघरांत गेल्या. १९२० मध्ये हॅरीला पोलाद क्षेत्रातलं मानाचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. फर्थच्या प्रयोगशाळेत त्याच्या जागी आलेल्या हॅटफिल्ड यांनी पुढे १८-८ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं पोलाद पुढे आणलं. आपल्या मांडणीवरच्या नाव कोरलेल्या ताटवाट्या या घराण्यातल्या.

आता वस्तऱ्याकडे या. हे ताटवाट्यांचं पोलाद कितीही तापवून थंड केलं तरी कडक होत नाही, म्हणून त्याचा वस्तरा होऊ शकत नाही. ओळखायचं कसं? चुंबक लावा. कडक होणाऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटतो. चिकटला म्हणजे नकली, हा गैरसमज आहे. वस्तऱ्याच्या पात्याला चिकटला नाही तर उलट काळजी करा.

हॅरीच्या त्या मूळ पोलादाचा आजचा थेट वंशज म्हणजे ४२० ग्रेड. हो, चारसोबीस. नावाची थट्टा राहू द्या, सुरी-काट्यांसाठी ते चांगलंच आहे. पण त्यात कार्बन कमी, त्यामुळे दाढीइतकी बारीक धार त्यावर फार टिकत नाही. स्वस्तातले बरेच वस्तरे याच जातीचे असतात आणि वर पाणी देण्यातही काटकसर केलेली असते. शौकीन मंडळी त्यांना वस्तऱ्याच्या आकाराची वस्तू म्हणतात. ४४० सी सारख्या ग्रेडमध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या हेंकेल्स कंपनीचे फ्रिओडूर वस्तरे स्टेनलेसचेच, पण तापवून झाल्यावर शून्याच्या बरंच खाली थंड केलेले. ते जुने, वापरलेले मिळतात आणि आजही चालतात. म्हणजे बजेट कमी असेल तर नवं चकाकणारं घेण्यापेक्षा नामांकित कंपनीचं जुनं, पातं सरळ असलेलं आणि कुणी तरी नीट धार लावून विकत असलेलं घ्या. विक्रेता पोलादाचा ग्रेड किंवा कडकपणा सांगत नसेल तर पुढे चला. रॉकवेल मापावर ५८ ते ६० च्या आसपास आकडा असेल तर ठीक. पट्टा आणि धारेच्या दगडाचे पैसे बाजूला ठेवायला विसरू नका, स्टेनलेसला दगडावर वेळही जास्त लागतो. आणि वापरून झाल्यावर पातं पुसून तेलाचा हात फिरवायची तयारी असेल तर साधं कार्बन पोलाद त्याच पैशात जास्त चांगलं मिळतं. हे ऐकून हॅरी नाराज झाला असता, पण आहे ते असं आहे. एवढी झंझट नको असेल त्यांनी सलूनवाले वापरतात तो अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा घ्यावा.

हॅरी उतारवयात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला राहायला गेला. १९४१ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि त्याच वर्षी फ्रेशगेट नावाचा ट्रस्ट काढून स्वतःचा पैसा शेफील्डच्या लोकांसाठी ठेवला. १४ जुलै १९४८ ला टॉर्कीमध्येच तो गेला. शेफील्डच्या हॉवर्ड स्ट्रीटवर एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवलंय. ते २०१३ मध्ये काढलं, त्या ओतकामाला शंभर वर्षं झाली तेव्हा. फ्रेशगेट ट्रस्ट त्याच्यामागेही सुरू राहिला.