मांद्र्याचे डॉक्टर आणि महाराजांचा खटला

आमच्या घराण्याचे मूळ पेडणे महालातले. चार पिढ्यांपूर्वी आमचे पूर्वज तिकडून निघाले आणि फिरत फिरत बडोद्यास येऊन सरकारी दप्तरात चिकटले. गोव्याशी संबंध उरला तो कुलदैवतापुरता आणि आजीच्या बोलण्यापुरता. तिच्या बोलण्यात एक नाव फार अभिमानाने येई, ते डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे. मांद्र्याचा मुलगा मुंबईचा शेरीफ झाला, हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकले असेन त्याची गणती नाही. पण याच भाऊ दाजींनी एका धर्मगुरूच्या व्यभिचाराच्या खटल्यात साक्ष दिली होती, हा भाग आजी आवाज उतरवून सांगे, आणि पुष्कळदा सांगतही नसे. शेजारी वैष्णव वाणी राहत. त्यांच्या कानी जायला नको, हे एक कारण. दुसरे कारण मला फार उशिरा उमगले.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म इ. स. १८२२ च्या सुमाराचा, मांद्रे गावचा. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. डिचोली त्याच्या थोडी आधी गेली. नव्या काबिजादीतला हा मुलूख म्हणजे जुन्या गोव्यासारखा बाटवाबाटवीचा नव्हे. देवळे उभी राहिली, महाजनांचे मान राहिले, चालीरीती जशाच्या तशा राहिल्या, आणि त्यांत झाकून ठेवाव्यात अशाही काही राहिल्या. भाऊंचे वडील नशीब काढायला मुंबईस आले. पोरगा बुद्धिबळात असा तरबेज की गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नजरेत भरला आणि इंग्रजी शिकू लागला. पुढे कच्छ-काठेवाडातील बालहत्येवरच्या निबंधाला सहाशे रुपयांचे बक्षीस मिळाले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडले. बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. १८५२ साली बाँबे असोसिएशन निघाली, तिच्या चिटणिसांत भाऊ होते. तेव्हा ते नुसते डॉक्टर नव्हते. शहराच्या राजकारणातले एक वजनदार गृहस्थ होते, आणि मुलींच्या शाळांपासून जुन्या शिलालेखांपर्यंत सर्वत्र त्यांचा हात होता.

आता त्या खटल्याकडे वळू. करसनदास मूळजी नावाचा एक कपोळ वाणी तरुण सत्यप्रकाश हे गुजराती साप्ताहिक चालवी. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्याने वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर लेख लिहिला. तन, मन, धन गुरूला अर्पण करावे, या वचनाचा अर्थ महाराज लोक भक्तांच्या बायकामुलींपर्यंत नेतात, असा त्याचा रोख होता, आणि सुरतेचे जदुनाथजी महाराज यांचे त्यात नाव घेतले होते. जदुनाथजींनी १८६१ च्या मे महिन्यात मुंबईच्या सुप्रीम कोर्टात पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली.

हे प्रकरण एकाएकी पेटलेले नव्हते. महाराजांना कोर्टात खेचता येऊ नये म्हणून काही वर्षांपूर्वी शिष्यांकडून एक लेख लिहून घेण्याची खटपट झाली होती. लोकांनी त्याला गुलामीखत असे नाव दिले. आणि फिर्याद लागताच भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले की महाराजांच्या विरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, दिली तर जातीबाहेर. त्यावर करसनदासाने उलट त्यांच्यावरच खटला भरला आणि पुढाऱ्यांना जबर दंड झाला. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट उघड बोलणे एवढाच काय तो करसनदासाचा अपराध होता. ज्यांच्या घरावर हा प्रसंग आला होता, त्यांतलेच कित्येक महाराजांच्या बाजूला बसले.

सुनावणी १८६२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि चोवीस दिवस चालली. सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड हे दोघे न्यायाधीश. शहराला दुसरा विषय नव्हता. कवी नर्मदाशंकर साक्षीस आले, पाद्री विल्सनसाहेब आले, आणि प्रतिवादीतर्फे डॉक्टर भाऊ दाजी उभे राहिले. महाराजांपैकी काहींवर आपण उपचार केले आहेत, आणि खुद्द वादीला जो रोग होता तो बाहेरख्यालीपणातून येणारा रोग होता, असे त्यांनी शपथेवर सांगितले. त्यांच्या जोडीला डॉक्टर धीरजराम दलपतराम होते. त्यांनीही तेच सांगितले. जदुनाथजींनी हे साफ नाकारले होते. न्यायाधीशांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला.

येथे मला थांबावेसे वाटते. रोग्याने विश्वासाने दाखविलेली जागा डॉक्टरने भर कोर्टात सांगावी काय? इंग्रजी कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टन या बड्या बाईवर नवरा असता दुसरे लग्न केल्याचा खटला झाला, तेव्हा तिच्या शल्यवैद्याने तोंड उघडण्यास कां-कूं केली. पण लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी डॉक्टरला असे मौन बाळगता येत नाही असा निर्णय दिला. तेव्हा भाऊंनी कायदा मोडला नाही. धंद्याची रीत मोडली काय, हा प्रश्न उरतो, आणि तो भाऊंच्या कीर्तीसाठी झाकू नये. माझे मत असे की ज्या माणसाने आपली अब्रू भरून मागण्यासाठी स्वतः कोर्टाचे दार ठोठावले, त्याने आपल्या अंगावरचा पडदा आपल्याच हाताने दूर केला. महाराज मुकाट राहते तर भाऊंना बोलण्याचे कारणच नव्हते. पण याहून वेगळे मत असणाऱ्या वाचकाशी मी भांडणार नाही.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. लेखातील मुख्य आरोप खरा ठरला आणि करसनदासाला साडेअकरा हजार रुपये खर्च मिळाला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी तर स्पष्ट केले की प्रश्न शास्त्रार्थाचा नसून नीतीचा आहे. सुधारक मंडळींनी जयघोष केला. आपल्या मराठी मंडळींनीही केला. आणि आजीच्या मौनाचे दुसरे कारण मला येथेच सापडते.

गुजराती शेटजींच्या गुरूचे पितळ उघडे पडले म्हणून आनंद मानणे आमच्या लोकांना सोपे होते. पण पेडण्या-डिचोलीच्या देवळांतून काय चालले होते? डिचोली महालातले नार्व्याचे सप्तकोटेश्वर देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्याने बांधविले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच मुलखातल्या गावोगावच्या देवळांच्या आश्रयाने भाविणी आणि कलावंतिणी राहत. मुलीचा शेंस विधी करून तिला देवाच्या नावाने वाहायचे, आणि मग गावच्या प्रतिष्ठितांनी तिला ठेवायचे. तिच्या मुलांना बापाचे नाव नाही. तेथेही अर्पण देवाला आणि उपभोग माणसाला. अब्रुनुकसानीची फिर्याद कोणी लावली नाही, कारण लेख लिहिणारा करसनदास तेथे निघाला नाही. पोर्तुगीज सरकारने मुली वाहण्यास बंदी केली ती १९३० साली. तीही त्याच समाजातल्या राजाराम पैंगिणकर यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकात चळवळ उभारल्यावर. आमच्यासारख्या महाजनांच्या घरांनी नव्हे. मी एकदा आजीला विचारले होते की आपल्या देवळातही अशा बाया होत्या का. तिने मला तुळशीला पाणी घालायला पिटाळले.

भाऊंना याचा दोष देत नाही. दहा वर्षांचे असताना गाव सुटला. पण साक्षीच्या धैर्याचे मोजमाप करायचे तर भाऊंपेक्षा लखमीदास खीमजी, मथुरादास लवजी या भाटिया गृहस्थांना मी वरची जागा देईन. भाऊंचे काही श्रीमंत रोगी तुटण्याचा धोका होता, एवढेच. ते सारस्वत ब्राह्मण, जदुनाथजी त्यांचे गुरू नव्हते. या मंडळींना आपल्याच जातीत, आपल्याच गुरूविरुद्ध उभे राहावे लागले. करसनदास पुढे विलायतेस जाऊन आला, तेव्हा जातीने त्याला वाळीत टाकलेच.

भाऊंचे पुढचे दिवस सरळ गेले नाहीत. १८६५ साली कापसाच्या तेजीवर उभा राहिलेला शेअरांचा डोलारा कोसळला, त्यात ते धुऊन निघाले. महारोगावर कडू कवठीच्या तेलाचे उपचार त्यांनी चालविले आणि लांबून रोगी येऊ लागले. पण औषध कोणते ते त्यांनी बराच काळ उघड केले नाही, आणि त्यावरून टीका झाली. दुसऱ्याचे गुपित कोर्टात सांगणारा हा मनुष्य स्वतःचे गुपित मात्र जपून ठेवी, याचे मला हसू येते. प्रयोग पुरे व्हावेत अशी त्यांची इच्छा असावी. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा शेरिफी मिळाली. शेवटी पक्षाघाताने गाठले आणि १८७४ च्या मे महिन्यात ते वारले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले.

खटल्याची धग अजून गेलेली नाही. २०२४ साली त्यावर महाराज नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने प्रथम तो रोखला आणि आठवड्याभराने मोकळा केला. त्या आठवड्यात शेजारच्या एका वृद्ध वैष्णव गृहस्थांनी मला जिन्यात गाठून विचारले की तुमचे ते मराठी डॉक्टर कोण होते. मी मांद्र्यापासून सुरुवात केली, आणि भाविणींपर्यंत सारे सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले की चहा घेऊ या.