जिव्या सोमा म्हसे : दोन रंग, असंख्य ठिपके

हॉस्टेलमध्ये कोणाच्या पीसीवर नवीन गेम आला की पाच मिनिटांत वाद सुरू होतोच. टेक्श्चर अल्ट्रावर चालतं का? हाय आणि अल्ट्रामध्ये खरंच फरक दिसतो, की नुसतीच मेमरी खाल्ली जाते? मित्रांनो, या वादात आज एका वेगळ्याच माणसाला साक्षीला बोलावू या. या माणसाने आयुष्यभर मुख्यतः दोनच रंगांत काम केलं, आणि तरीही त्याची चित्रं थेट पॅरिसपर्यंत पोचली. हे म्हणजे वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा म्हसे.

त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. जिव्या सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्याने मुलाचं बोलणंच बंद झालं, आणि कित्येक दिवस तो धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे त्यांचं आयुष्य गेलं डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. आजूबाजूला भातशेती, ताडाची झाडं, डोंगर. शाळा नाही, ड्रॉइंगची परीक्षा नाही. जे काही शिकले ते पाड्यावरच्या बायकांचे हात बघून.

कारण वारली चित्रं हा मुळात बायकांचा मान. घरात लग्न निघालं की सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसवतात. भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांची. वरून माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरू. रंग म्हणजे तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. झालं सगळं सामान!

आता याच भिंतीकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि हातापायांच्या रेघा. आपल्या गेममधला माणूससुद्धा आतून त्रिकोणांचाच असतो, फक्त हजारोंनी. त्या त्रिकोणांवर जे चित्र चिकटवलं जातं ते टेक्श्चर. १९७४ मध्ये एड कॅटमल यांनी युटा विद्यापीठातल्या पीएचडीत ही युक्ती मांडली. म्हणजे टेक्श्चर हा वरचा लेप आणि त्रिकोण हा आतला कूड. लेप कितीही गुळगुळीत केला तरी वाकडा कूड सरळ होत नाही. उलट कूड पक्का असेल तर साधा लेपही शोभतो. वारली नाचात तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारी माणसं बघा. ना चेहरा, ना कपड्याची घडी. तरी कोण कुठे झुकलाय, कोणाचं पाऊल उचललंय, हे लांबून कळतं.

मग डिटेलला काही किंमतच नाही का? थांबा, खरी गंमत इथे आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमधले चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद देण्याचं काम त्यांनी केलं होतं. इथेही त्यांनी कागद आणि रंग आणले. बायकांची कला बघायला आलेल्या माणसाला भेटले ते जिव्या, लग्नकार्य असो-नसो, आपल्या आवडीने चित्रं काढणारे. पुरुषाने चित्रं काढायची ही पाड्यावर नवलाचीच गोष्ट. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कागदाने नेमकं काय केलं? आपल्या भाषेत सांगायचं तर रिझोल्युशन वाढवलं. मातीची भिंत खडबडीत. तिथे रेघ जाड येते, बारीक ठिपका फुटतो. कागदावर आणि कापडावर तीच रेघ केसासारखी आली. जिव्यांनी या जागेचा पुरेपूर फायदा घेतला. त्यांच्या मासेमारीच्या चित्रात जाळं जवळजवळ अख्खं कापड व्यापतं आणि बारीक रेघांच्या विणीत मासे दिसतात. लांबून ते जाळं हललंय असं वाटतं, आणि जवळ गेलात तर दर वितीला नवीन काहीतरी सापडतं. झाडाचं पान न् पान, रेघा आणि ठिपके नुसते थरथरत असतात. पण गेरू-शेणाची जमीन त्यांनी सोडली नाही. कापडालाही शेणाचा हात देऊन मगच ते पांढरा रंग लावत.

म्हणजे वाढलेलं रिझोल्युशन त्यांना उपयोगी पडलं, का तर त्यात भरायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. मासे जाळ्यात कसे अडकतात, वाऱ्यात भात कसं वाकतं, हे त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. माणसाचा चेहरा मात्र शेवटपर्यंत कोराच ठेवला. डिटेल कुठे द्यायचं आणि कुठे नाही, हा निर्णय त्यांचा होता, कागदाचा नव्हे.

आता हेच गणित आपल्या स्क्रीनवर लावू. १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर २०,७३,६०० पिक्सेल असतात. ४०९६ बाय ४०९६ च्या एकाच टेक्श्चरमध्ये १,६७,७७,२१६. म्हणजे अख्ख्या स्क्रीनच्या आठ पट! न दाबता ठेवलं तर एका पिक्सेलला ४ बाइट धरून ते ६४ एमबी घेतं, दाबून साधारण १६ एमबी. लांबची भिंत असेल तर ग्राफिक्स कार्ड स्वतःच त्याच चित्राची छोटी आवृत्ती वापरतं. त्याला मिपमॅप म्हणतात. तेव्हा चार हजारांचं टेक्श्चर कामाला येतं ते भिंतीला नाक लावल्यावर, किंवा एकच चित्र मोठ्या जमिनीवर ताणलेलं असेल तर. मेमरी पुरत असेल तर फ्रेम रेट फारसा पडत नाही, खुशाल अल्ट्रा ठेवा. मेमरी संपली की मात्र गेम अडखळायला लागतो. २०१४ च्या शॅडो ऑफ मॉर्डोरने अल्ट्रा टेक्श्चरसाठी ६ जीबीचं कार्ड सुचवलं होतं, आणि २०१७ मध्ये फॉलआउट ४ चं टेक्श्चर पॅक ५८ जीबीचं आलं. हॉस्टेलच्या नेटवर ते उतरवून बघा म्हणजे किंमत कळेल!

जिव्यांकडे परत येऊ. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या कलावंतांबरोबर त्यांची चित्रं लागली. इंग्लंडचे रिचर्ड लाँग हे दगड आणि चिखलातून गोल-रेघा मांडणारे कलावंत. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला आणि पुढच्या वर्षी इटलीत मिलानला दोघांचं काम शेजारी शेजारी मांडलं गेलं. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. एवढं होऊनही घर कळंबीपाड्यावरच राहिलं. मुलगे सदाशिव आणि बाळू यांच्याही हातात काडी आली. १५ मे २०१८ ला जिव्या गेले. ज्या बायकांकडून ही कला आली त्यांतल्या बहुतेकींची नावं मात्र कुठल्याच कॅटलॉगात नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्यातले कितीतरी जण मिनी प्रोजेक्टला गेम करतात. नेटवरून फुकटातलं चार हजारांचं विटांचं टेक्श्चर घेतात आणि वेड्यावाकड्या भिंतीवर चिकटवतात. विटा अगदी खऱ्या, पण त्या कुठल्याच गावच्या वाटत नाहीत. त्याऐवजी सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या गावची एखादी भिंत नीट बघा. ओल कुठून चढते, पोपडे कुठे धरतात, हात टेकून टेकून कुठला कोपरा गुळगुळीत झालाय. ते बघून केलेलं टेक्श्चर ५१२ चं असलं तरी त्यात गाव दिसेल. आणि मग ते ४०९६ चं करायची वेळ आली, तर त्या वाढलेल्या जागेत काय भरायचं हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.